अर्धेलीने दिलेली शेळी

साळवेबाईंना समोरच्या माणसाची पापणी ओढून बघायची सवय होती. बोलता बोलता त्या एकदम पुढे यायच्या, अंगठ्याने तुमच्या डोळ्याखालची कातडी खाली ओढायच्या, आत लाल आहे की फिकट ते बघायच्या, हात पदराला पुसायच्या आणि पुन्हा मूळ विषयावर यायच्या. शेळीच्या अंगातलं रक्त कमी झालं की तिच्या पापणीची आतली बाजू पांढरट पडते, म्हणून शेळी पाळणाऱ्याने अधूनमधून पापणी बघावी, अशी शिफारस आहे. ती शिफारस शेळ्यांपुरती आहे हे बाई साफ विसरून गेल्या होत्या. दवाखान्याच्या शिपायापासून तपासणीला आलेल्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या पापण्या त्यांनी ओढून बघितलेल्या. साहेबांना तर त्यांनी उभ्या उभ्या गूळ-शेंगदाणे खायला सांगितले. साहेब बिचारे हो म्हणाले आणि तपासणी लवकर आटोपून निघून गेले.

त्यांचा मुलगा प्रशांत. त्याच्यासाठी डोंबिवलीला मुलगी बघायला गेले, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर बाई उठल्या आणि त्यांनी मुलीची पापणी ओढली. मुलीकडची माणसं गार पडली. बाई म्हणाल्या, फिकट आहे, पालेभाजी खात जा. प्रशांतला वाटलं, संपलं, आता इथून मुकाट्याने निघायचं. पण ती मुलगी, स्नेहा, जागची उठली आणि तिने बाईंची पापणी तशीच खाली ओढून बघितली. तुमचीपण फिकटच आहे, म्हणाली. बाई इतक्या खूश झाल्या की प्रशांतला मुलगी आवडली का, हे विचारायचंसुद्धा राहून गेलं. त्याला आवडली होती म्हणून बरं.

टिटवाळ्याच्या अलीकडे जनावरांचा एक लहानसा सरकारी दवाखाना आहे. बाई तिथे पशुधन पर्यवेक्षक होत्या आणि मी ड्रेसर. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर सुई टोचत असताना जनावर घट्ट धरायचं. लाथ बसली तर ती आपली. बाईंच्या वाट्याला गावोगाव फिरून लोकांना शेळीपालन शिकवण्याचं कामही होतं, आणि त्यांना स्कूटर येत नसल्यामुळे ते काम माझ्याही वाट्याला आलं. आम्ही तोंडावर त्यांना मॅडम म्हणायचो आणि पाठीमागे साळवेबाई. आता त्या नाहीत, तर ते पाठीमागचं नावच मला जवळचं वाटतं.

त्यांची दुसरी खोड टांगण्याची. शेळीपुढे चारा जमिनीवर टाकायचा नाही, जुडी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीला टांगायचा. पायाखाली गेलेलं, ओलं झालेलं ती खात नाही आणि निम्मा पाला वाया जातो. हे बाई इतकी वर्षं सांगत होत्या की जमिनीवर किंवा टेबलावर काही ठेवणं त्यांना जमेनासंच झालं. डबा खिळ्याला, छत्री खिडकीच्या गजाला, पर्स खुर्चीच्या पाठीला. पुढे पुढे ऑफिसच्या फायलीही त्या नाडीने बांधून कपाटाच्या कडीला टांगायला लागल्या. डॉक्टर चिडले. बाई म्हणाल्या, टेबलावरची फाइल कुणी बघत नाही सर, ही आता डोक्याला लागेल तेव्हा तरी बघाल. डॉक्टरांनी ती बघितली, हे मात्र खरं.

गावात त्यांचा वर्ग भरायचा तो देवळाच्या ओट्यावर नाहीतर कुणाच्या तरी पडवीत. बायाच जास्त असायच्या. सुरुवातीला बाई काहीच शिकवायच्या नाहीत. विचारायच्या, अमुक गोष्ट माहितीये का? सगळे हात वर. मग विचारायच्या, करता का? हात खाली. मला त्या बायांचा राग यायचा. माहिती आहे तर करायला काय धाड भरली आहे? बाईंना राग येत नसे. त्या एकेकीशेजारी जाऊन बसायच्या आणि का करत नाहीस, ते विचारायच्या. कुणाची सासू करू देत नसे, कुणाला दर दोन वर्षांनी बोकड बदलायचा तर नवा कुठून आणायचा हा प्रश्न असे, कुणाचा गोठा म्हणजे घराचीच मागची भिंत असे. परतताना स्कूटरवर मागे बसून बाई मला ही कारणं पुन्हा सांगायच्या. मी हेल्मेटच्या आतून हूं हूं करायचो.

एका बाबतीत मात्र त्या कुणाचं कारण ऐकून घेत नसत. तिथल्या म्हाताऱ्या बायांची समजूत अशी, की शेळी व्याल्यावर तिची वार, म्हणजे गर्भाची पिशवी, पडेपर्यंत करडाला पाजायचं नाही. आधी पाजलं तर वार पोटात वर चढते म्हणे. म्हणून करडू बाजूला ठेवायचं आणि वार पडायची वाट बघत बसायचं. तेवढ्यात करडू गारठायचं आणि पहिला चीक, ज्याच्यावर ते जगायचं, तो त्याला मिळायचाच नाही. बाई सांगायच्या, उलट आहे गं, करडू लुचायला लागलं की वार लवकर पडते. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. वर्ग संपला, चहा झाला, आम्ही स्कूटरवर बसलो, तरी त्या मागे वळून ओरडायच्या, "वाट बघत बसू नका गं." रस्त्यावरची माणसं वळून बघायची. मला लाज वाटायची, पण सांगायची सोय नव्हती.

अशाच एका वर्गात दामूनाना नावाचे एक म्हातारे शेवटपर्यंत गप्प बसले होते. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, बाय, तुमच्याकडं किती बकऱ्या? बाई म्हणाल्या, एकपण नाही. बाया हसायला लागल्या. दामूनानांचा स्वभाव टवाळ नव्हता, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मग तुम्हाला कसं ठाऊक, असं त्यांनी विचारलं. बाई काहीतरी पुस्तकी बोलल्या, पण बोलण्यात जीव नव्हता. त्या दिवशी निघताना त्या मागे वळून ओरडल्या नाहीत.

शहाडला माझ्या घराजवळ आम्ही चहाला थांबायचो. बाई कल्याणला चाळीत वरच्या मजल्यावर राहायच्या. नवरा बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होता आणि मग गेला, प्रशांतचं शिक्षण चालू होतं. त्या घरात मांजर पाळायलाही जागा नव्हती. चहा निवला तरी त्यांनी उचलला नाही. मग म्हणाल्या, "मोरे, मला एक शेळी पाहिजे. जास्त नको, एकच. पण माझी."

मी म्हटलं, मॅडम, तुम्हाला गावातले लोक हवी ती शेळी आणून देतील. तर म्हणाल्या, ठेवू कुठे? आणि कपात बोट घालून साय काढत बसल्या. तेव्हापासून त्यांच्याबरोबर कुठल्याही गावात गेलो तरी मला कळायचं, की ह्या लोकांच्या गोठ्यात बघताहेत ते शिकवायला म्हणून नाही. दुकानाच्या काचेबाहेर माणूस उभा राहतो तशा त्या उभ्या राहायच्या.

निवृत्त झाल्यावर बाईंनी टिटवाळ्याच्या पुढे कसाऱ्याच्या बाजूला लहानसा तुकडा घेतला. दोन खोल्यांचं बैठं घर, मागे थोडी जागा. आजूबाजूला सगळीकडे प्लॉट पाडल्याच्या पाट्या लागलेल्या, पण शेजारी वनिता होती. वनिता म्हणजे त्यांच्याच वर्गात शिकलेली, चार-पाच बकऱ्या पाळणारी, तोंडाने फटकळ बाई. प्रशांत म्हणाला, आई, एकटी कशी राहशील? बाई म्हणाल्या, एकटी कुठे, शेळी आहे ना. शेळी अजून आलेली नव्हती.

आधी गोठा झाला. तो बाईंनी असा बांधून घेतला, की शिकवायला म्हणून आम्ही जी चित्रं भिंतीला लावायचो त्यातलाच तो वाटावा. लांबी पूर्व-पश्चिम, खाली ओल लागू नये म्हणून फळ्यांचा उंच माच, लेंड्या खाली पडाव्यात म्हणून फळ्यांमध्ये बोटभर फट, पाला टांगायला आडवा बांबू. मग योग्य शेळी शोधण्यात कितीतरी दिवस गेले. आपल्याकडच्या दमट हवेला कोकण कन्याळ जातच बरी, हे त्यांचं ठाम मत. शेवटी ती आली. काळी, तोंडावर दोन्हीकडे पांढरे पट्टे, चालताना मान ताठ. तिने त्या गोठ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ घराच्या ओट्यावर जाऊन बसली. पुढे ती कायम तिथेच झोपली. त्या उंच माचावर बाईंनी कांदे वाळत घातले.

विकायच्या जनावराला नाव ठेवू नये असं बाई सगळ्यांना सांगायच्या, जीव अडकतो. त्यामुळे नाव त्यांनी ठेवलं नाही, वनिताने ठेवलं. खाली पडलेलं पान ती तोंडात घेईना, तेव्हा वनिता म्हणाली, ही तर मॅडमच हाय. तेच नाव पडलं. वनिता बाईंना बाय म्हणायची आणि शेळीला मॅडम. मी तिथे गेलो आणि सवयीने "मॅडम" अशी हाक मारली, की ओट्यावरून आधी शेळी उठायची आणि मग आतून बाई यायच्या.

मॅडम पहिल्यांदा व्याली तो रविवार होता. सकाळी बाईंचा फोन आला, लगेच या. आवाजावरून मला वाटलं काहीतरी अडलं असणार, म्हणून मी सामानाची पिशवी घेऊनच गेलो. बघतो तर सगळं सुखरूप झालेलं. ओट्यावर शेळी उभी होती, बाईंच्या मांडीवर टॉवेलात एक ओलं करडू थरथरत होतं आणि बाई शेळीच्या मागच्या बाजूकडे टक लावून बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत वनिता कुंपणातून आली. तिने एक नजर टाकली आणि विचारलं, करडू पाजलं का?

"वार पडू दे," बाई म्हणाल्या.

वनिता जागच्या जागी थांबली. मला आधी वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली.

"काय बोलता, बाय?" वनिता म्हणाली. "तुमीच ना आमाला वरडून वरडून सांगितलाय?"

बाईंनी मांडीवरच्या करडाकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसणं राहिलं नाही. तोवर वनिताने करडू उचलून सडाला लावलंही होतं. नंतर चहा पिताना बाई म्हणाल्या, त्यांची आई असंच म्हणायची. शेळीबद्दल नाही, माणसांबद्दल. प्रशांत झाला तेव्हा आईने त्याला त्यांच्याजवळ द्यायलाच उशीर केला, पहिलं पिवळं दूध पिळून टाकायला लावलं. तेव्हा त्या शिकलेल्या होत्या, नोकरीत होत्या, तरी आईपुढे बोलल्या नाहीत. लोकांच्या शेळ्या असतात तेव्हा डोकं चालतं हो मोरे, म्हणाल्या, स्वतःचं पोर मांडीवर आलं की आईच आठवते. मला त्या दिवशी बाई फार आवडल्या. इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण माया म्हणतात ती त्या दिवशी वाटली.

ती तीन-चार वर्षं बाईंची सगळ्यात सुखाची. मी रविवारी जायचो, बायको कुरकुरायची, तरी जायचो. बाई ओट्यावर बसलेल्या, शेजारी मॅडम रवंथ करत बसलेली, दोघी रस्त्याकडे बघताहेत. करडं मोठी झाली की विकली जायची, वनिता ते सगळं बघायची. बाई फक्त मॅडमच्या मालकीण. आता वनिताच्या पडवीत बाया जमल्या आणि कुणी विचारलं, की तुमच्याकडे किती, तर त्या एक बोट वर करायच्या. दामूनाना तोवर गेले होते. त्यांना हे सांगायचं राहून गेलं, याची बाईंना चुटपुट होती.

मग एका सकाळी अंगणात ओल्या फळीवरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण एकटीने राहणं संपलं. प्रशांत-स्नेहाचं घर कोलशेतला, उंच इमारतीत. स्नेहाने त्यांच्यासाठी खाडीकडची खोली रिकामी केली. मुलगा-सून वाईट असती तर बाईंना भांडता तरी आलं असतं. ती दोघं इतकी चांगली, की मुकाट्याने जावं लागलं.

मॅडमचं काय करायचं, हा प्रश्न होता. वनिता म्हणाली, ठेवा माझ्याकडं, माझ्या पाचांत ही सहावी. बाई ऐकेनात. अर्धेलीनेच देणार म्हणाल्या. अर्धेली म्हणजे शेळी मूळ मालकाची, सांभाळायची दुसऱ्याने आणि होणारी करडं निम्मी निम्मी. वनिताला ते लागलं. बाय, आपल्यात काय वाटण्या करायच्या, असं म्हणून ती रुसून आत गेली. मीही बाईंना सांगितलं, की ती प्रेमाने ठेवतेय, ठेवू द्या ना. बाई कुबडीवर हनुवटी टेकवून म्हणाल्या, "नुसती ठेव म्हटलं तर ती तिची होईल, मोरे. अर्धेलीने दिली तर माझी राहील."

वनिताला हे समजावून सांगितल्यावर ती लगेच तयार झाली. निघताना बाई गाडीत बसल्या, तेव्हा शेळी ओट्यावरच होती. ती काही धावत वगैरे आली नाही. शेळ्या तसल्या भानगडीत पडत नाहीत.

कोलशेतला बाईंचा दिवस दोन गोष्टींवर चालायचा. गॅलरीतून खाडी दिसायची, ती बघायची, आणि रविवारी सकाळी वनिताला फोन करायचा. पुढे वनिताच करायला लागली. तिथे गेल्यावर मॅडमचं पुढचं वेत झालं, तेव्हा वनिताने फोनवर दोन करडांचा आवाज ऐकवला. दोन म्हणजे एक वनिताचं, एक बाईंचं. बाईंनी स्नेहाला पेढे आणायला लावले आणि मजल्यावर सगळ्यांना वाटले. वॉचमनला पेढा देताना सांगितलं, मॅडमला जुळं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्नेहा ऑफिसमधून आली तर वॉचमनने उठून तिचं अभिनंदन केलं आणि वर विचारलं, मॅडम, आजच कामाला गेलात? स्नेहा ही गोष्ट सांगताना हसून हसून बेजार व्हायची. बाई म्हणायच्या, त्यात हसायचं काय, त्याने काळजीनेच विचारलं.

एकदा जाऊन बघून येऊ, असं दर महिन्याला ठरायचं. कधी डॉक्टर नको म्हणायचे, कधी प्रशांतला सुट्टी नसायची. पुढे वनिताच म्हणायला लागली, बाय, आता नका येऊ, रस्ता सगळा खणलाय, गाडी आदळल. बाई म्हणायच्या, बरं. मी भेटायला गेलो की त्या मला तिकडची हवा विचारायच्या. सुबाभूळ फुटली असेल ना? मी तेव्हा बदली होऊन भिवंडीच्या बाजूला गेलेलो, मला काही माहीत नसायचं. मी ठोकून द्यायचो, हो, छान फुटलीये.

यंदा थंडीत लसीकरणाच्या मोहिमेला माणसं कमी पडली, म्हणून मला थोडे दिवस टिटवाळ्याकडे पाठवलं. एका दुपारी वेळ काढून मी वनिताकडे गेलो. रस्ता चांगला गुळगुळीत झालेला होता. तिच्या बकऱ्या अंगणात होत्या. मी त्यांच्यात पांढऱ्या पट्ट्यांचं तोंड शोधत होतो, आणि वनिता माझ्याकडे न बघता पाण्याची बादली भरत होती. मग तिने नळ बंद केला आणि म्हणाली, मॅडम नाय. पावसाळ्याच्या आधीच गेली.

जवळच लग्नाचं एक लॉन झालं आहे. तिथला उरलेला भात कुणीतरी मागच्या बाजूला ओतला होता. शेळ्या कुंपणातून घुसल्या. जमिनीवरचं पान कधी तोंडात न घेणाऱ्या मॅडमने त्या दिवशी पोटभर भात खाल्ला, पोट फुगलं आणि डॉक्टर येईपर्यंत टिकली नाही. तिच्या आधीच्या वेतातलं बाईंच्या वाटणीचं करडूही तिच्याबरोबर गेलं. त्याच दिवशी सांगायला म्हणून वनिताने फोन लावला, तर पलीकडून बाईंनी आधी विचारलं, माझी मॅडम कशी आहे गं, गाभण राहिली का? आणि वनिताच्या तोंडून निघालं, हाय, मजेत हाय. एकदा गाभण आहे म्हटल्यावर कधीतरी व्यायला हवी. म्हणून दिवाळीत ती व्याली. बाईंना कोणती करडं झाली, कोणत्या रंगाची, किती पितात, सगळं हवं असायचं. वनिता आपल्या दुसऱ्या बकऱ्यांची करडं बघून सांगायची. हे सांगताना ती रडत होती आणि मध्येच माझ्यावर डाफरत होती, की तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा आता बायला. मी म्हटलं, सांगतो.

सांगायला म्हणूनच मी कोलशेतला गेलो. संक्रांत नुकतीच झाली होती. त्याआधी बाईंना न्यूमोनिया होऊन दवाखान्यात ठेवलं होतं, त्या नुकत्याच घरी आल्या होत्या. गॅलरीतल्या खुर्चीत शाल गुंडाळून बसल्या होत्या, हात काडीसारखे झालेले. पुढे उन्हाळ्यात त्या गेल्या आणि मला अंत्ययात्रेलाही वेळेवर पोचता आलं नाही, त्यामुळे ही आमची शेवटची भेट. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. स्नेहाने तिळाचे लाडू आणून ठेवले आणि तेवढ्यात फोन वाजला. वनिताचा. बाईंना फोन कानाशी धरवत नव्हता, म्हणून स्नेहाने आवाज मोठा करून तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

वनिताला बाई दवाखान्यात होत्या हे स्नेहाकडून कळलं होतं. तिने तब्येत विचारली आणि मग घाईघाईने म्हणाली, बाय, खूशखबर हाय, मॅडम व्याली, दोन झाली, एक पाट, एक बोकड. पाट म्हणजे मादी करडू. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी एकामागून एक विचारलं, चीक पाजलास का, नाळेला औषध लावलंस का, वार पडली का. वनिता प्रत्येकाला हो म्हणत गेली. शेवटी बाई म्हणाल्या, पाट मला ठेव हं. वनिता म्हणाली, तुमचीच हाय, बाय. फोन बंद झाला. स्नेहा आत चहा टाकायला गेली.

मी खाडीकडे बघत बसलो. बाईंच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

"तुम्ही तिकडे जाऊन आलात," बाई म्हणाल्या.

मी मान हलवली. त्यांनी शालीतून हात बाहेर काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला. काही सांगू नका, म्हणाल्या. मग बराच वेळ दम घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "दिवाळीत व्याली म्हणाली होती. आता संक्रांतीला परत. शेळीला पाच महिने लागतात, मोरे."

मी विचारलं, मग तुम्ही तिला बोलला का नाहीत?

"बोलले असते तर तिने फोन कशाला केला असता?"

स्नेहा चहा घेऊन आली तेव्हा बाई लाडू खात होत्या. तिला म्हणाल्या, पेढे आणायला हवेत. स्नेहाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, तिला काहीच माहीत नव्हतं. मी चहा प्यायलो, कपबशी आत नेऊन ठेवली आणि उठलो. बाई म्हणाल्या, दारापर्यंत येते. स्नेहा नको म्हणत होती, तरी त्या काठी टेकत लिफ्टपर्यंत आल्या. लिफ्ट वर यायला वेळ लावत होती. निरोपाचं बोलायची सवय आम्हाला नव्हतीच, इतकी वर्षं आमचं सगळं बोलणं शेळ्यांवरच झालेलं. लिफ्ट आली, मी आत शिरलो. बाईंनी काठी पुढे करून दार अडवलं.

"तिकडे अजून आहात ना? माझी पाट महिन्याची झाली की तिला जंताचं औषध पाजून या."

"पाजतो, मॅडम," मी म्हटलं.

"वजन करून पाजा. अंदाजाने नको."

त्यांनी काठी काढून घेतली आणि दार बंद झालं.